सॅक्सनीचा टालर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या संग्रहात एक जर्मन चांदीचं नाणं आहे. सॅक्सनी या जर्मन राज्याचा इलेक्टर (सम्राट निवडणाऱ्या मोजक्या राज्यकर्त्यांपैकी एक) पहिला योहान गेऑर्ग याने 1630 साली ड्रेस्डेनच्या टांकसाळीत पाडलेला टालर. ते कुणालाही दाखवलं की ठरलेले प्रश्न येतात, आणि दर वेळी माझं उत्तर लांबतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

हे नाणं आहे की बिल्ला?

नाणंच आहे. आकारामुळे शंका येते, ती रास्तही आहे. व्यास साधारण 43 मिलिमीटर, म्हणजे तळहाताच्या खळग्यात ठेवलं तर खळगा भरतो. घरातला राणीछाप रुपया शेजारी ठेवा, तो याच्यापुढे लहान भाऊ वाटेल. राणीछाप म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम. टालरचं कायद्याने ठरलेलं वजन 29.23 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ बरोब्बर अडीच तोळे. हा योगायोग आहे, पण मराठी माणसाला समजावायला फार सोयीचा. माझं नाणं थोडं झिजलंय, काट्यावर 28.9 भरतं.

थालर की टालर?

जर्मन उच्चार टालर. पूर्वी स्पेलिंगमध्ये एक 'एच' होता, तो 1901 च्या शुद्धलेखन सुधारणेत गेला. इंग्रजीतून वाचणारे थालर म्हणतात. भांडण नको, दोन्ही चालतं.

नावाचा अर्थ काय?

मराठीत याचा अर्थ फार छान लागतो. आजच्या चेक प्रजासत्ताकात, जर्मन सीमेला लागून असलेल्या डोंगरांत याखिमोव नावाचं गाव आहे. तेव्हा तिथे जर्मन बोलणारे खाणकामगार होते आणि गावाचं नाव होतं योआखिम्सटाल, म्हणजे संत योआखिमची दरी. पलीकडे सॅक्सनीत आन्नाबेर्ग आणि मारियनबेर्ग ही खाणींचीच गावं. योआखिम आणि आन्ना हे मेरीचे आईवडील. म्हणजे खाणवाल्यांनी सगळं कुटुंब डोंगरात वसवलं होतं.

1516 च्या सुमारास योआखिमच्या दरीत चांदी सापडली. जहागीरदार होता काउंट श्टेफान श्लिक. त्याने आणि त्याच्या भावांनी 1520 च्या आसपास तिथे मोठी चांदीची नाणी पाडायला सुरुवात केली. एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला दुहेरी शेपटीचा बोहेमियाचा सिंह. जर्मनमध्ये गावाच्या नावाला 'एर' लावला की आपलं 'कर' होतं. सातारकर, कोल्हापूरकर, तसं योआखिम्सटालर म्हणजे योआखिमदरीकर. एवढं लांबलचक नाव बाजारात कोण घेणार? लोकांनी संताला गाळलं आणि नुसतं 'टालर', म्हणजे 'दरीकर', ठेवलं. डच लोकांनी त्याचं डाल्डर केलं, स्कॅंडिनेव्हियात डालर झालं, इंग्रजीत डॉलर. अमेरिकेने 1792 च्या नाणेकायद्यात तेच नाव घेतलं. म्हणजे अमेरिकेच्या तिजोरीत आजही दरीकरच बसलाय.

दरीचं पुढे काय झालं हेही सांगून टाकतो. चांदी सरत गेली, पण तिच्यासोबत निघणारा जड काळा दगड खाणवाल्यांच्या दृष्टीने कुचकामाचा होता. त्या दगडाच्या उरलेल्या चोथ्यातून मारी आणि पिएर क्युरी यांनी 1898 साली रेडियमचा शोध लावला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच डोंगरांत युरेनियमसाठी राजकीय कैद्यांना राबवलं गेलं.

म्हणजे पहिला टालर योआखिम्सटालचा?

नाव तिथलं, कल्पना आधीची. आल्प्स पर्वतातल्या टिरोलचा आर्चड्यूक सिगिसमुंड याच्याकडे चांदी भरपूर होती आणि सोनं कमी. त्याने 1486 साली हाल इथल्या टांकसाळीत एका सोन्याच्या गुल्डनच्या किमतीएवढी चांदी एकाच नाण्यात घातली. सॅक्सनीने 1500 च्या सुमारास तेच केलं. त्याआधी युरोपात रोजची चांदीची नाणी म्हणजे पातळ पापुद्रे असायचे. बैल विकून आलेले पैसे मोजायचे तर संध्याकाळ व्हायची.

नाण्यावरचा दाढीवाला कोण?

पहिला योहान गेऑर्ग, सॅक्सनीवर राज्य 1611 ते 1656. अंगात चिलखत, उजव्या खांद्यावर उघडी तलवार. ती तलवार शौर्याची नाही, पदाची आहे. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट मोजके इलेक्टर मिळून निवडत, आणि सॅक्सनीच्या इलेक्टरकडे साम्राज्याच्या महामार्शलचं मानाचं पद होतं. समारंभात सम्राटापुढे तलवार धरून चालायचं हा त्याचा हक्क. चोपदाराच्या हातातल्या दंडासारखंच ते, फक्त चोपदार स्वतः राजा.

माणूस म्हणून हा गृहस्थ तीस वर्षांच्या युद्धात, म्हणजे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातून पेटलेल्या लढाईत, इकडून तिकडे गेला. स्वतः लूथरचा अनुयायी, म्हणजे प्रोटेस्टंट, तरी सुरुवातीला कॅथलिक सम्राटाच्या बाजूने. 1631 मध्ये स्वीडनच्या गुस्टाव्ह आडोल्फबरोबर लाइपझिगजवळच्या ब्राइटनफेल्डला सम्राटाच्या फौजेविरुद्ध लढला, 1635 मध्ये प्राग इथे पुन्हा सम्राटाशी तह. शिकार आणि बिअर यांची आवड इतकी की लोक त्याला 'बिअरवाला जॉर्ज' म्हणत. नाण्यावरचे फुगलेले गाल पाहिले की खोटं वाटत नाही.

कडेची अक्षरं काय सांगतात?

लॅटिन आहे, आणि सगळे शब्द तोडलेले. दर्शनी बाजूला: योहान गेऑर्ग, देवाच्या कृपेने सॅक्सनी, युलिश, क्लेव आणि बेर्ग यांचा ड्यूक. मागच्या बाजूला: पवित्र रोमन साम्राज्याचा महामार्शल आणि इलेक्टर.

यातली गंमत अशी की युलिश, क्लेव आणि बेर्ग हे प्रदेश त्याच्याकडे नव्हतेच. तिथला शेवटचा ड्यूक 1609 साली निपुत्रिक वारला, तेव्हा सॅक्सनीनेही दावा ठोकला होता. 1614 मध्ये ब्रांडेनबुर्ग आणि पॅलेटिनेट-नॉयबुर्ग यांनी ती वाटणी आपसात उरकली आणि सॅक्सनीच्या हाती काही लागलं नाही. पण नाण्यावरून नाव काढायचं म्हणजे दावा सोडल्यासारखं. भाऊबंदकीत हरलेला माणूस सातबाऱ्यावरचं नाव कमी करू देत नाही, तसा हा प्रकार.

मागच्या बाजूला शिरस्त्राणांनी सजलेली ढालीची मोठी नक्षी, आणि तिच्याजवळ बारीक दोन अक्षरं: 'एच' आणि 'आय'. ती टांकसाळीच्या मुख्याची, हान्स याकोबची, सही. 1624 ते 1635 ड्रेस्डेनची टांकसाळ त्याच्या ताब्यात होती. चांदी कमी निघाली तर मान कुणाची धरायची हे नाण्यावरच लिहिलेलं. सगळ्या नाण्यात मला सर्वात आवडणारी जागा हीच.

एका टालरमध्ये किती चांदी असायची, आणि कोण ठरवायचं?

साम्राज्यात नाणी पाडणारे शेकड्याने होते: इलेक्टर, ड्यूक, बिशप, मठ, स्वतंत्र शहरं. प्रत्येकाचा छाप वेगळा. पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे किती रुपये चालत आणि सराफ प्रत्येकाला किती बट्टा लावत हे वाचलं असेल, तर हे चित्र लगेच डोळ्यापुढे येईल. फरक एवढा की टालरपुरतं साम्राज्याने एक माप बांधून दिलं. 1566 साली आउग्सबुर्गच्या सभेत ठरलं की कोलोनच्या एका मार्क वजनातून, म्हणजे 233.856 ग्रॅममधून, आठ टालर पाडायचे. कस 16 पैकी 14 लोट आणि 4 ग्रेन (18 ग्रेनचा एक लोट), आजच्या भाषेत हजारात 889. हिशोब केला तर एका नाण्यात 25.98 ग्रॅम शुद्ध चांदी येते. यालाच राइख्सटालर, साम्राज्याचा टालर, म्हणत.

सॅक्सनीत त्याचे 24 ग्रोशन, आणि एका ग्रोशनचे 12 फेनिग. म्हणजे टालर 288 फेनिगांचा. आपल्याकडे एकेकाळी रुपयाचे 16 आणे आणि 192 पै होत्या, तसंच.

मग सगळं सुरळीत चाललं असेल?

मोठ्या नाण्याचं चाललं. छोट्या नाण्याचं वाटोळं झालं, आणि माझ्या मते टालरची खरी गोष्ट तिथेच आहे.

चूक 1566 च्या कायद्यातच होती. एक मोठं नाणं पाडायला जेवढी मेहनत, जवळजवळ तेवढीच एक फेनिग पाडायला. टालरएवढी किंमत फेनिगांत काढायची तर 288 वेळा हातोडा मारायचा. कायद्याने छोट्या नाण्यातही जवळपास त्याच प्रमाणात चांदी मागितली, मजुरीचा विचार केला नाही. प्रामाणिकपणे चिल्लर पाडणारा तोट्यात जायचा. त्यामुळे एकतर चिल्लर पाडायची नाही, नाहीतर तिच्यात तांबं वाढवायचं. बऱ्याच जणांनी दुसरा रस्ता धरला.

1618 मध्ये ते तीस वर्षांचं युद्ध पेटलं, सैन्याला पैसा हवा झाला आणि 1619 ते 1623 या काळात सगळा बांध फुटला. जर्मन लोक या काळाला 'किपर उंड विपर' म्हणतात. तराजू एका बाजूला कलवायचा आणि पारडं झुलवायचं, असा त्या शब्दांचा रोख. दलाल गावोगाव फिरून जुनी चांगली नाणी गोळा करत. तराजूवर वजनदार नाणं बाजूला, हलकं परत. वजनदार नाणी वितळवून त्यांत तांबं घालायचं, आणि नव्या चिल्लरीने पुढच्या गावातली चांगली नाणी विकत घ्यायची. जहागीरदारांनी टांकसाळी भाड्याने दिल्या. नाणी आधी फिकी झाली, मग तांबूस, शेवटी तांब्यावर नुसता चांदीचा मुलामा.

बोहेमियात तर 1622 साली एका मंडळीने अख्खी नाणेपाडणीच एक वर्षाच्या मक्त्याने घेतली. त्यात राज्यपाल कार्ल फॉन लिश्टनश्टाइन होता, सेनापती वालेनश्टाइन होता, बँकर हान्स दे विटे आणि प्रागचा ज्यू सावकार याकोब बासेवी होता. जिथे एका मार्क चांदीतून पूर्वी साधारण 19 गुल्डन (इथे सोन्याचं नाणं नव्हे, चांदीच्या पैशाचा हिशोब) काढत, तिथे यांनी 79 काढले. त्या पैशात वालेनश्टाइनने बंडखोरांच्या जप्त झालेल्या जमिनी घेतल्या. शिव्या मात्र लोकांनी बासेवीला आणि त्याच्या जातभाईंना घातल्या, उमरावांना नाही.

आणि आमचा बिअरवाला जॉर्ज? तो काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. सॅक्सनीत ठिकठिकाणी तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या गेल्या आणि 40 ग्रोशन असा आकडा घातलेली हिणकस नाणी इलेक्टरच्या नावाने बाहेर पडली.

याची झळ कुणाला बसली?

ज्याचा पगार ठरलेला होता त्याला. शाळामास्तर, पाद्री, कारकून, सैनिक, मजूर. एक टालर घ्यायला 1619 च्या आधी साधारण 90 क्रॉइट्सर, म्हणजे चिल्लर नाणी, लागत. 1622 पर्यंत काही शहरांत 600 लागू लागले. टालर तोच, तेवढ्याच चांदीचा. बदललं ते त्याच्या समोरच्या पारड्यातलं. व्यापारी करार टालरमध्ये करत, म्हणून सुरक्षित राहिले. मजुराला आठवड्याचा पगार चिल्लरीत मिळे. बेकरीवाला ती चिल्लर घेईना, आणि कर भरायला गेलं तर सरकारही आपणच पाडलेलं नाणं नाकारायचं. दंगे झाले ते याच कारणाने.

सरकारच्या तिजोरीत स्वतःचाच कचरा परत यायला लागला तेव्हा राज्यकर्ते जागे झाले. सॅक्सनी 1623 मध्ये जुन्या मापावर परतलं. हान्स याकोब दुसऱ्याच वर्षी कामावर रुजू झाला. त्याची दोन अक्षरं मी भिंगातून पाहतो तेव्हा ही पार्श्वभूमी आठवते.

नाणं पाडायचे कसे?

चांदीचा रस ओतून पट्ट्या करायच्या, ठोकून जाडी सारखी करायची, गोल कापायचे, वजन जुळवायचं, आम्लाच्या पाण्यात उकळून उजळ करायचं, मग दोन ठशांमध्ये ठेवून घण. हालमध्ये 1560 च्या दशकात पाणचक्कीवर चालणारे रूळ बसवले. ठसे रुळांवर कोरलेले, पट्टी मधून गेली की छाप उठून बाहेर. रुळातून आलेलं नाणं किंचित वाकलेलं असतं. टेबलावर ठेवून टिचकी मारा, डुलतं.

सगळेच टालर इतके गंभीर चेहऱ्याचे असतात का?

मुळीच नाही. साक्से-वायमारच्या आठ भावांनी मिळून टालर पाडला, एका बाजूला चार भाऊ आणि दुसऱ्या बाजूला चार. वाटणीचा प्रश्न नाण्यावर तरी सुटला.

पण हार्ट्स डोंगरातल्या चांदीवर जगणाऱ्या ब्राउनश्वाइग घराण्याची सर कुणाला नाही. ड्यूक युलियुसने 1574 पासून अनेक टालरांच्या वजनाची अवाढव्य नाणी पाडली आणि प्रजेला ऐपतीप्रमाणे ती विकत घेऊन घरात जपायला लावली, म्हणजे अडचणीच्या वेळी मागता येतील. सक्तीची मुदतठेवच ती. त्याचा मुलगा हाइनरिश युलियुस स्वतःच्या उमरावांशी भांडला, आणि भांडण नाण्यावर आणलं: बंडखोरांचा टालर, खोटारड्यांचा टालर, सत्याचा टालर, सिंहाला छळणाऱ्या गांधीलमाश्यांचा टालर. आज लोक स्टेटस ठेवून टोमणे मारतात, हा ड्यूक अडीच तोळे चांदीत मारायचा.

भारतात टालर आले का?

चांदी आली, नाणं म्हणून चाललं नाही. डच कंपनीच्या जहाजांतून येणाऱ्या पेट्यांत स्पॅनिश रियालांबरोबर राइख्सटालरचे डच भाऊबंद असत. सुरतेत परकी चांदी टांकसाळीत जायची आणि मोगल रुपया होऊन बाहेर पडायची. एका राइख्सटालरच्या चांदीत साधारण सव्वादोन रुपये बसत. मुघल टांकसाळीच्या भट्टीला दाढी, तलवार, संत सगळे सारखेच.

मुंबईशी मात्र टालरचा थेट संबंध आहे, फक्त तो खूप नंतरचा. आजच्या बव्हेरियात ग्युन्ट्सबुर्ग नावाचं गाव आहे. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या हाप्सबुर्ग घराण्याकडे होतं, आणि सम्राज्ञी मारिया थेरेसाचा जगप्रसिद्ध टालर तिथल्या टांकसाळीचा. ती 1780 मध्ये वारली, पण लाल समुद्राच्या दोन्ही काठांवर, येमेनपासून इथिओपियापर्यंत, लोकांना तोच चेहरा आणि तोच छाप हवा असायचा. म्हणून पुढची नाणीही 1780 हाच आकडा घालून पाडत राहिले. वजन 28.07 ग्रॅम, कस 833. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतल्या मोहिमेसाठी ब्रिटिशांना ती लागली, तेव्हा ती मुंबईच्या टांकसाळीत पाडली गेली. फोर्टमधून जाताना त्या इमारतीकडे बघून मला दर वेळी गंमत वाटते: मुंबईच्या कारागिराने, मरून दीडशेहून जास्त वर्षं झालेल्या ऑस्ट्रियन बाईचं नाणं, इथिओपियासाठी पाडलं.

खरं-खोटं कसं ओळखायचं?

आधी वाजवून बघू नका. सिनेमात ठीक असतं. इथे कड दबली तर किंमत जाते. मी स्वतः एकदा एका विक्रेत्याच्या भरवशावर साचातून ओतलेली नक्कल घेऊन बसलो होतो, तेव्हापासून पाण्याची परीक्षा केल्याशिवाय पैसे देत नाही. नाणं आधी हवेत तोलायचं, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलायचं. 889 कसाच्या चांदीची घनता 10.3 च्या आसपास, म्हणजे 29 ग्रॅमच्या नाण्याचं वजन पाण्यात सुमारे 2.8 ग्रॅमने कमी भरलं पाहिजे. साडेतीनने कमी भरलं तर ते चांदीचं नाही.

त्यानंतर भिंग. ओतलेल्या नाण्याची अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गुळगुळीत दिसतात, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि कडेवर सांध्याची रेघ सापडते. चांगल्या चांदीत केलेली नक्कल पाण्याच्या परीक्षेत पास होते, भिंगाखाली नापास.

काळं पडलंय, उजळून घेऊ का?

नको. चिंच नको, रांगोळी नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. तो काळसर थर जमायला काही पिढ्या लागल्यात.

असं नाणं आपल्याकडे घरात सापडलं तर परदेशी लिलावात पाठवता येईल का?

नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तूत मोडतं, आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

तुमच्या नाण्याच्या वरच्या कडेला तो खडबडीत डाग कसला?

तिथे कधीतरी कडी डाखली होती, नंतर कुणीतरी ती काढून कड घासून सारखी केली. जर्मन भाषक मुलखातही जुने टालर साखळीत ओवून अंगावर घालायची रीत होती, आपल्याकडे रुपयांना कड्या लावून माळ करत तशीच. संग्राहक अशा नाण्याला कमी भाव देतात, म्हणून तर मला परवडलं. कडी बरोबर इलेक्टरच्या डोक्यावर लावली होती, म्हणजे नाणं लटकलं की तो सरळ उभा दिसायचा. त्याच्या बाजूची दाढी, चिलखतावरची खिळ्यांची रांग, तलवारीची मूठ सगळं अजून टोकदार आहे. मागच्या बाजूची ढाल मात्र मधोमध सपाट झालीय, आणि हान्स याकोबची अक्षरं बोटाला लागत नाहीत, भिंगातूनच दिसतात. ती बाजू कापडावर घासत होती.